दफ्तर एक, देवड्या दोन

नभोवाणीवर बोलणाऱ्यास आपले श्रोते कोण आहेत हें कधींच ठाऊक नसतें. माझे शब्द साताऱ्याच्या एखाद्या माजघरांत किंवा सांगलीच्या एखाद्या दुकानांत कोणाच्या कानीं पडत आहेत कीं नाहींत, हें समजण्यास मला मार्ग नाहीं. आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे त्यांतहि एक श्रोता आहे. इंग्रजींत त्याला ‘लिसनर’ असेंच नांव आहे. परंतु त्याचा स्वभाव आपणांहून अगदीं निराळा. त्याच्याकडे आपण होऊन जावें लागतें आणि “मी अमुक, माझें ठिकाण अमुक, मी हजर आहें,” अशी वर्दी द्यावी लागते. ती दिली नाहीं, तर तो दारांत बसून येणाऱ्यास खुशाल सांगतो कीं, “ह्या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं.” ह्या एका वाक्यानें २०१९ च्या महापुरांत साताऱ्याच्या एका पतसंस्थेंत केवढी घबराट उडाली, ती मीं स्वतः पाहिली आहे. तो प्रकार काय होता व तो कसा टाळावा, हें आज सांगावयाचें आहे.

आरंभींच कबूल करतों कीं, मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण व सातारा जिल्ह्यांतील शाळांतून केलेली मास्तरकी, एवढीच माझी पुंजी. पण ज्याच्या हातून ती चूक घडली आणि ज्यानेंच ती निस्तरली, तो माझा जुना विद्यार्थी. पूर ओसरल्यावर त्यानें माझ्या ओसरीवर बसून, माझ्याच फळ्यावर आकृत्या काढून मला सर्व समजावून दिलें. विद्यार्थ्यानें गुरूस शिकवावें, ह्याहून मोठें समाधान आम्हां मास्तरांना नाहीं. त्याचें व त्याच्या संस्थेचें नांव मी घेत नाहीं. कारण अशी चूक कोणाच्याहि हातून होण्यासारखी आहे.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व वारणा ह्या नद्यांनीं काय आकांत मांडला, तो सांगलीकरांस नव्यानें सांगावयास नको. आयर्विन पुलापाशीं पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्या वर चढलें व २००५ च्या पुराची खूणहि त्याखालीं बुडून गेली. आम्ही सातारकर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहणारे. आमच्या घरांत पाणी शिरलें नाहीं. पण आमच्या लेकी, बहिणी, व्याही सांगलीस, आणि कित्येकांच्या ठेवींचें दफ्तरहि सांगलीस. माझें खातें ज्या पतसंस्थेंत आहे तिची एक शाखा साताऱ्यास असली, तरी तिचें मुख्य कार्यालय व सर्व खात्यांचा सर्व्हर सांगलीस एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता.

पुराचे पहिले दोन दिवस साताऱ्याच्या शाखेंतील संगणक अगदीं मुका होता. तार तुटली असेल, असें म्हणून लोक परत जात. तिसऱ्या दिवशीं मी गेलों, तेव्हां यंत्र बोलूं लागलें होतें. पण तें बोललें त्यानें मुकेपणापेक्षां अधिक भय वाटलें. माझ्यापुढें एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या भावाचें बिऱ्हाड अंगावरच्या वस्त्रांनिशीं पुरांतून निघून मिरजेस एका शाळेंत उतरलें होतें. विट्याच्या बाजूनें मदतीचें सामान घेऊन एक मोटार तिकडे निघणार होती. तिच्याबरोबर भावाला पांच हजार रुपये पाठवावे, म्हणून बाई आल्या होत्या. कारकुनानें खातें उघडूं पाहिलें आणि पडद्यावरचें इंग्रजी वाक्य वाचून तो म्हणाला, “बाई, यंत्र म्हणतें, मागितलेली सेवा मला माहीत नाहीं.”

“माहीत नाहीं म्हणजे? आमचीं खातीं वाहून गेलीं काय?” असें मागून कोणीतरी विचारलें. तें वाक्य रांगेंतून रस्त्यावर गेलें आणि पाव तासांत शाखेपुढें दीडशें माणूस जमलें. श्रोतेहो, पतसंस्था पैशावर चालते असें आपण समजतों. ती खरोखर चालते लोकांच्या विश्वासावर. पैसा तिजोरींत शाबूत असतांहि एक चुकीचें वाक्य तिचें दिवाळें काढूं शकतें. बाईंची मोटार सुटूं नये म्हणून रांगेंतील आम्हीं पांचसहा जणांनीं खिसे चाचपून रक्कम उभी केली व ती रवाना झाली. पण बाहेरच्या दीडशें जणांची समजूत तशी पटणार नव्हती.

वास्तविक त्या वेळीं सांगलीस काय स्थिति होती? दफ्तर सुरक्षित होतें. सर्व्हर कोरडा होता व जनित्रावर चालत होता. माझा विद्यार्थी त्याच इमारतींत अडकून यंत्राजवळच बसला होता. खात्यांतील एक पैहि इकडची तिकडे झाली नव्हती. मग “माहीत नाहीं” हें उत्तर कोणी दिलें? तें दिलें देवडीवाल्यानें.

आपण जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. आंत चौक, चौकापलीकडे दफ्तरखाना. बाहेर दिंडीदरवाजा आणि त्याच्या आंत दोहों बाजूंस देवड्या. पाहुणा आला कीं प्रथम देवडीवाल्याची गांठ. “कोणाकडे जावयाचें?” असें तो विचारतो, नांव ओळखीचें असेल तर आंत पोंचवितो, आणि आपल्या जागीं येऊन बसतो. पाहुणा एकदां आंत गेला कीं त्याचें व कारभाऱ्याचें बोलणें समोरासमोर चालतें. देवडीवाल्याचा त्यांत कांहीं संबंध राहत नाहीं. संगणकाच्या वाड्यांत दफ्तरखाना म्हणजे डेटाबेस व देवडीवाला म्हणजे लिसनर. म्हणूनच लिसनर मध्यें बंद पडला, तरी जे आधींच आंत गेले आहेत त्यांचें काम अडत नाहीं. नवीन येणाऱ्यास मात्र प्रवेश मिळत नाहीं.

आतां ह्या देवडीवाल्याला वाड्यांत कोण राहतें हें कसें समजतें? येथेंच सर्व मर्म आहे. तो उठून आंत बघावयास जात नाहीं. ऑरॅकल नांवाचा जो प्रसिद्ध डेटाबेस आहे — ह्या शब्दाचा अर्थ ‘कौल’ — त्याच्या व्यवस्थेंत दफ्तरखान्यांतूनच एक कारकून दारावर येतो व वर्दी देतो: “आमचें दफ्तर उघडलें आहे, आमच्या सेवांचीं नांवें अमुक, आम्हांवर कामाचा भार सध्यां इतका.” पूर्वीं हें काम ‘पीमॉन’ नांवाचा कारकून इतर कामें सांभाळून करी, २०१३ सालीं आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्यासाठीं ‘एलरेग’ नांवाचा स्वतंत्र कारकून नेमलेला आहे. त्याची फेरी साधारणतः मिनिटामिनिटानें होते. आमच्या शाळेंतील हजेरीसारखेंच हें आहे. मुलगा शाळेच्या आवारांत असून भागत नाहीं. वर्गांत येऊन त्यानें “हजर” म्हटलें पाहिजे. एरवीं मास्तर त्याच्या नांवापुढें शून्यच मांडणार, आणि त्यांत मास्तरांचा दोष नाहीं.

पण हा कारकून कोणत्या दारावर जातो? त्याला वेगळें कांहीं सांगितलें नसेल, तर तो एकच दार ओळखतो: आपल्याच यंत्राचा नेहमींचा पत्ता, आणि त्यावरील १५२१ क्रमांकाचें दार. दारांच्या ह्या क्रमांकांना ‘पोर्ट’ म्हणतात. दुसऱ्या पत्त्यावर किंवा दुसऱ्या क्रमांकावर कोणी नवा देवडीवाला बसविला, तरी ह्याला त्याची गंधवार्ता नसते.

सांगलीस नेमकें हेंच झालें. शहरांतून येणारी तार पुरानें निकामी केली, म्हणजे पहिल्या दारापर्यंतचा रस्ताच पाण्याखालीं गेला. सुदैवानें संस्थेनें दुसऱ्या कंपनीची एक बिनतारी जोडणी घेऊन ठेविली होती. माझ्या विद्यार्थ्यानें ती जोडणी यंत्राच्या दुसऱ्या पत्त्यावर लाविली, तेथें १५२२ क्रमांकावर दुसरा लिसनर सुरू केला, आणि साताऱ्यास दूरध्वनि करून नवा पत्ता सांगितला. साताऱ्याचा निरोप नव्या दारापर्यंत बिनचूक पोंचला. देवडीवाला जागा होता. पण त्या बिचाऱ्याकडे वर्दी कोणीच दिलेली नव्हती. त्यानें प्रामाणिकपणें उत्तर दिलें कीं, ही सेवा मला माहीत नाहीं. ऑरॅकलच्या चुकांच्या यादींत ह्या उत्तराचा क्रमांक १२५१४ आहे, आणि त्याचा नीट अर्थ लावला तर तें धीर देणारें उत्तर आहे. कारण मुक्या यंत्राचा अर्थ वाट बंद, असा होतो. “माहीत नाहीं” ह्याचा अर्थ वाट उघडी आहे, दारावर माणूसहि आहे, उणीव फक्त वर्दीची. हा भेद साताऱ्याच्या कारकुनास कोणीं शिकविला असता, तर त्यानें रांगेस इतकेंच सांगितलें असतें कीं, “खातीं जागच्या जागीं आहेत, तासाभरानें या.”

उपाय तसा लहान आहे. डेटाबेसच्या स्वतःच्या व्यवस्थेंत ‘लोकल लिसनर’ नांवाची एक नोंद असते. वर्दी कोणकोणत्या दारांवर द्यावयाची, तें तींत लिहावयाचें. प्रत्येक पत्ता म्हणजे यंत्राचें ठिकाण व पोर्टचा क्रमांक. पत्ते एकाहून अधिक असले तरी चालतात, ते एका यादींत ओळीनें मांडावयाचे. मग कारकुनाच्या पुढच्या फेरीची वाट न पाहतां ‘ऑल्टर सिस्टिम रजिस्टर’ अशी आज्ञा दिली, कीं तो तत्काळ उठून सर्व दारांवर वर्दी देऊन येतो.

ही आज्ञा देतांना माझ्या विद्यार्थ्यानें दोनदां ठेंच खाल्ली. पत्ता पूर्ण लिहिण्याऐवजीं त्यानें एक संक्षिप्त नांव लिहिलें. असें नांव लिहितां येतें. पण तें नांव म्हणजे कोणता पत्ता, ह्याची नोंद सर्व्हरवरील पत्त्यांच्या वहींत आधीं असली पाहिजे. ती नव्हती, म्हणून डेटाबेसनें आज्ञाच नाकारली. ही चूक ताबडतोब दिसली व ताबडतोब सुधारली गेली. दुसरी चूक मात्र दिसली नाहीं. घाईंत त्यानें त्या नोंदींत फक्त नवा पत्ता लिहिला. सातारा सुरू झालें, दीडशें माणसांपैकीं ज्यांना खरोखर पैसे हवे होते त्यांना ते मिळाले, बाकीचे आपले पुस्तकांतील आंकडे पाहून घरीं गेले. त्याला वाटलें, झालें काम.

पांच दिवसांनीं पाणी उतरलें. शहरांतील तार पुन्हां जोडली गेली. आणि आतां सांगलीच्याच खिडकीवर, चिखलानें माखलेले पाय घेऊन आलेल्या पूरग्रस्तांना तेंच उत्तर मिळूं लागलें: “सेवा माहीत नाहीं.” जुना देवडीवाला आपल्या जागीं होता, पण नोंदींत नवा पत्ता लिहितांना जुना पुसला गेला होता, म्हणून कारकून त्याच्याकडे वर्दी द्यावयाचा थांबला होता. ह्या नोंदींत जें लिहावें तें मागील मजकुरांत मिळविलें जात नाहीं, त्याच्या जागीं बसतें. माझा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, पहिल्या चुकीचें मला कांहीं वाटत नाहीं, ती पुराच्या गडबडींत झाली. पण दुसरी चूक पांच दिवस माझ्यासमोर होती आणि मीं जुन्या दाराकडे एकदांहि पाहिलें नाहीं.”

मीं त्याला म्हटलें, “अरे, मिरजेच्या दफ्तरांतील कागद वाचले असतेस तर हें तुला उमगलें असतें.” वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंतील मास्तर. त्यांनीं पटवर्धनांच्या दफ्तरांतून निवडलेल्या पत्रांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून छापण्यास आरंभ केला. तीं पत्रें चाळतांना मराठेशाहीचा एक रिवाज ध्यानांत येतो. सरदार फौजेसह कोठेंहि असो, ज्या दरबाराशीं काम पडावयाचें तेथें आपला माणूस ठेवून वर्तमान कळवीत राहावें लागे. एका दरबारीं पाठविलेला निरोप दुसऱ्या दरबारास आपोआप कळत नसे. आणि नव्या दरबारीं वकील नेमला म्हणून कोणी शहाणा सरदार जुन्या दरबारचा वकील माघारा बोलावीत नसे. डेटाबेसचा व्यवहार ह्याहून निराळा नाहीं.

आतां ह्या अनुभवांतून ज्या गोष्टी नीट ध्यानांत ठेवावयाच्या, त्या सांगतों. पहिली गोष्ट, यादींत सर्व दारें लिहावीं, जुनीं व नवीं. आणि ती नोंद केवळ चालू बैठकीपुरती न करतां कायम करावी, नाहींतर यंत्र एकदां बंद करून सुरू केलें कीं सर्व पुसलें जातें. दुसरी गोष्ट, आज्ञा दिल्यावर प्रत्येक देवडीवाल्याला स्वतंत्रपणें विचारावें कीं, तुझ्याकडे कोणाकोणाची वर्दी आहे. त्यासाठीं ‘एलएसएनआरसीटीएल’ नांवाचें साधन आहे. त्याला लिसनरचें नांव सांगून स्थिति विचारली कीं तो यादी दाखवितो. एकाला विचारून दुसऱ्याविषयीं अनुमान करूं नये. तिसरी गोष्ट, पाहुण्यालाहि दोन्ही दारें ठाऊक असावीं. साताऱ्याच्या शाखेंतील प्रत्येक संगणकाच्या पत्त्यांच्या वहींत दोन्ही पत्ते लिहून ठेविले, तर पहिलें दार न लागल्यास तो आपण होऊन दुसऱ्यावर जातो. कोणी दूरध्वनि करून पत्ता सांगावयाची पाळी येत नाहीं.

कोणी विचारील कीं, रोजच्या वर्दीची ही यातायात कशाला? देवडीवाल्याच्या वहींत दफ्तराचें नांव एकदांच कायमचें लिहून ठेवितां येणार नाहीं काय? येतें. पण तें दारावर लाविलेल्या पाटीसारखें आहे. पाटी घरांत माणूस आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं; बिऱ्हाड उठून गेलें तरी ती तशीच असते. म्हणून अशा कायम नोंदीपुढें स्थिति विचारली असतां ‘अज्ञात’ असा शेरा दिसतो, आणि कारकुनानें स्वतः येऊन दिलेल्या वर्दीपुढें ‘सिद्ध’ असा. डेटाबेस बंद असतांना त्याला दुरून सुरू करावयाचा असेल, तेव्हां पाटी उपयोगी पडते, कारण बंद दफ्तरांतून वर्दी देणार कोण? एरवीं वर्दीच श्रेष्ठ.

जेथें एकच काम अनेक यंत्रें मिळून करतात, तेथें आणखी एक व्यवस्था असते. प्रत्येक यंत्र आपल्या दारावर वर्दी देतेंच; शिवाय दुसऱ्या यंत्रावरील मुख्य देवडीवाल्याकडेहि देतें. त्या नोंदीला ‘रिमोट लिसनर’ म्हणतात. मुख्य देवडीवाला प्रत्येकाचा भार पाहून, ज्याचें काम हलकें असेल त्याच्याकडे पाहुण्यास धाडतो.

मात्र दारें वाढलीं कीं चोरवाटाहि वाढतात. जो देवडीवाला कोणाचीहि वर्दी खरी मानतो, त्याच्याकडे एखादा तोतया येऊन “तें दफ्तर माझेंच” असें सांगूं शकतो, आणि मग आलेले पाहुणे तोतयाच्या घरीं पोंचतात. ही उणीव जगजाहीर झाल्यावर ऑरॅकल कंपनीस २०१२ सालीं सर्वांना इशारा द्यावा लागला. बाराव्या आवृत्तीपासून लिसनर सामान्यतः आपल्याच यंत्रावरून आलेली वर्दी स्वीकारतो. दुसऱ्या यंत्राची हवी असेल तर त्याचें नांव मुद्दाम नोंदवावें लागतें. तोतयांचा अनुभव मराठी राज्यानेंहि घेतलेला आहे. तेव्हां ह्या सावधगिरीचें महत्त्व आपणांस पटावें.

शेवटीं एक गैरसमज दूर करतों. दोन देवड्या म्हणजे दोन दफ्तरें नव्हेत. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतें तर दहा दारें असूनहि उपयोग नव्हता. त्यासाठीं दफ्तराची नक्कलच दूर, उंच जागीं ठेवावी लागते. हा विचार माझ्या विद्यार्थ्यानें आपल्या चालकांपुढें मांडला, आणि ती नक्कल साताऱ्यास ठेवावी असें सुचविलें. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा असा उपयोग होईल, हें माझ्या कधीं मनांतहि आलें नव्हतें.

त्या दिवशींच्या बाई मला पुढें बाजारांत भेटल्या. भाऊ घरीं परतला होता, भिंतींना अजून ओल होती. माझे पैसे त्यांनीं तेथेंच मोजून हातावर ठेविले व विचारलें, “मास्तर, तें यंत्र त्या दिवशीं खोटें कां हो बोललें?” मीं म्हटलें, “बाई, तें खोटें बोललें नाहीं. त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें.” ज्यांच्या हातीं अशीं दफ्तरें सोंपविलेलीं आहेत त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, पुढील पावसाळ्यापूर्वीं आपल्या प्रत्येक दारावर जाऊन, वर्दी पोंचली आहे कीं नाहीं, हें एकदां विचारून यावें.